शहनाझची शिकार, मुनीरचं नाव

मुनीरला ‘उत्तम शिकारी’ म्हणून चषक मिळाला तेव्हा मी त्याच्या बायकोच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

कोकणी मुस्लिम मंडळींचा जानेवारीतला मेळावा होता तो, अल कुसैसमधल्या एका हॉलमध्ये. आम्ही वसईचे ख्रिस्ती, म्हणजे तिथे पाहुणे. माझा नवरा कॅस्मिर मान खाली घालून बिर्याणी खात होता. स्टेजवर मुनीरचा थोरला भाऊ फहद माइक धरून सांगत होता, की आजच्या महागाईत बायकापोरांना घेऊन दर शनिवारी शिकारीला जाणारा, स्वतःच्या हाताने कुर्ल्या पकडून निम्म्या बिल्डिंगला खाऊ घालणारा असा माणूस अख्ख्या दुबईत शोधून सापडणार नाही. चषकावर मात्र मासा होता. कुर्लीचा, म्हणजे खेकड्याचा, चषक बाजारात मिळाला नसावा.

मुनीर लाजत लाजत वर गेला, चषक घेतला, भावाला मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शहनाझनेही वाजवल्या, आणि चांगल्या जोरात वाजवल्या.

आता खरं काय ते सांगते. मुनीरने जन्मात एक कुर्ली पकडलेली नाही. तो रत्नागिरीचाच, पण बाजारपेठेतल्या घरात वाढलेला; चिखलात पाय घालायचा तर आधी पायजमा किती दुमडावा याचा विचार करणारा. निम्म्या बिल्डिंगने चाटूनपुसून खाल्लेल्या त्या कुर्ल्या एकूण एक शहनाझच्या हातच्या. हे मला ठाऊक होतं, तिच्या तिन्ही मुलांना ठाऊक होतं आणि चषक छातीशी धरून फोटो काढून घेणाऱ्या त्या सद्गृहस्थालाही ठाऊक होतं.

मी तिच्या कानात म्हटलं, ऊठ आणि सांग. तिने माझा हात दाबला. नवऱ्याचं नाव झालं म्हणजे माझंच झालं, म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण भरल्या हॉलमध्ये देण्याजोगं नव्हतं.

मी एका हॉटेलच्या रिझर्व्हेशनमध्ये काम करते. दिवसभर गोड बोलायचा पगार घेते, त्यामुळे तिथून बाहेर पडल्यावर माझी जीभ जरा मोकळी सुटते. शहनाझ आमच्या समोरच्या फ्लॅटमधली. तिची जीभ मोकळी सुटलेली मी कधी ऐकली नव्हती. ती खाडीकाठच्या गावातली. लहानपणी खालाबरोबर, म्हणजे मावशीबरोबर, ओहोटीला खाडीत उतरायची, बिळात कोपरापर्यंत हात घालून कुर्ल्या काढायची. नांगी मारणार नाही असा हात कुठून घालायचा, अंडी असलेली मादी कशी ओळखायची आणि मुकाट्याने परत कशी सोडायची, पौर्णिमेच्या सुमाराला कुर्ली का पोकळ असते, हे तिला पाढ्यांसारखं पाठ. लग्न होऊन इथे आली आणि चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसली. मुनीर हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामाचा स्टोअरकीपर. सकाळी सहाला कंपनीची बस, संध्याकाळी सातला परत. मधले तेरा तास ती आणि भिंत.

मुलं मोठी झाली तशी शनिवारची भुणभुण सुरू झाली. मॉलला चला. मॉलला गेलं की मुलांच्या खेळाची तिकिटं, मग फूड कोर्ट, मग धाकट्या फिझाला दिसेल ते खेळणं. एकदा घरी येऊन मुनीर सोफ्यावर बसला आणि म्हणाला, “तीनशे दिरहम, म्हणजे आपले सात हजार रुपये, आणि आपण खाल्लं काय तर गार बटाटे.” त्यानंतरच्या शनिवारी कोणाच्या तरी सांगण्यावरून ते रास अल खैमाच्या बाजूला, टोल लागणार नाही अशा रस्त्याने, एका उथळ खाडीवर गेले. फुकट समुद्र आणि घरची अंडा-रोटी, एवढाच बेत होता. ओहोटी लागली होती. मुनीर मुलांना शिंपले दाखवत होता. शहनाझ घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून एकटक खाली बघत होती. इथे चिखलात बिळं नाहीत. निळ्या नांग्यांची कुर्ली वाळूत अंग पुरून बसते, वर राहतात फक्त दोन डोळे. शहनाझला ते डोळे दिसले. तिने सलवार खोचली, मागून वाकली आणि हात घातला.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात थंडीच्या दिवसांतला शनिवार शिकारीचा झाला. मुलं ‘हंटिंग’ म्हणतात. सगळा सरंजाम म्हणजे झाकणाची बादली, ओलं गोणपाट, खडकाच्या कपारीसाठी एक लोखंडी आकडी आणि सगळ्यांचे शाळेतले जुने बूट. रेहान डोळे शोधतो, यम्ना गोणपाट ओलं ठेवते, फिझा बारक्या कुर्ल्या मोजून परत सोडते आणि प्रत्येकीला ‘बाय बाय, बेबी’ म्हणते. मुनीर बादली धरतो. आम्ही दोघंही जायला लागलो, कारण कुर्ली म्हणा की आमच्यासारखं चिंबोरी म्हणा, रश्शात पडली की वसई आणि रत्नागिरी एकच. अख्ख्या आठवड्यात मी शहनाझला मोठ्याने हसताना फक्त तिथे बघितलं. पाण्यात उतरली की तिच्या चालण्यातच फरक पडायचा. आम्हाला सगळ्यांना हुकूम सोडायची, कॅस्मिरलासुद्धा. “सावली पाडू नका,” म्हणायची, आणि आम्ही मुकाट बाजूला व्हायचो.

मग नाव मुनीरचं कसं झालं? तसंच, जसं सगळं होतं. कुर्ल्या जास्त व्हायच्या, डबे भरून घरोघर जायचे, आणि डबा पोचवायला जायचा मुनीर. दार उघडणारा म्हणायचा, वा मुनीर, आज काय शिकार? पहिल्यांदा तो म्हणायचा, अहो, शहनाझने. लोक हसायचे. त्यांना वाटायचं विनोद करतोय. दुसऱ्या-तिसऱ्यांदा त्याने म्हणणं सोडून दिलं. मूग गिळून बसला आणि पुढे पुढे ते मूग त्याला गोड लागायला लागले असावेत. फहदने तर पुरता झेंडाच हातात घेतला. फहदची ट्रेडिंग कंपनी आहे, पांढरी मोठी गाडी आहे, आणि चारचौघांत मिरवायला एक भाऊ हवा होता. स्टोअरकीपर भाऊ मिरवता येत नाही. शिकारी भाऊ येतो.

मेळाव्यानंतर दोन शनिवार गेले आणि खाडीवर तपासणीवाला आला. गणवेशातला तरुण माणूस, बोलायला अगदी अदबीचा. हौशी शिकारीचा परवाना आहे का, विचारलं. मुनीरने लगेच मोबाइलवर दाखवला; त्या बाबतीत तो काटेकोर. त्या माणसाने परवाना बघितला, मुनीरच्या कोरड्या बाह्या बघितल्या, मग खांद्यापर्यंत भिजलेल्या शहनाझकडे बघितलं. हातात कुर्ली घेऊन ती उभी होती. तो म्हणाला, जो पकडतो त्याच्या नावाचा परवाना पाहिजे. आज सोडतो, पुढच्या वेळी नाही.

मुनीर म्हणाला, “सर, शी इज ओन्ली हेल्पिंग.”

ते मी माझ्या कानांनी ऐकलं. शहनाझनेही ऐकलं. तिने कुर्ली पाण्यात सोडली आणि हात धुतले.

आता कोणी म्हणेल, परवाना काढतानाच कसं सुचलं नाही? नाहीच सुचलं, तिलाही नाही आणि त्यालाही नाही. आमच्या इथल्या बायकांचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, घराचा करार त्याच्या नावावर, वीजपाणी, गाडी, मोबाइलचं सिम, सगळं त्याच्या नावावर. परवान्याची वेळ आली तेव्हा ‘पकडतं कोण’ हा प्रश्नच कोणाच्या डोक्यात आला नाही. मुनीरने आपलं नाव भरलं, जसं तो सगळीकडे भरतो. इतकी साधी चूक, आणि तितकीच साधी दुरुस्ती. ओळखपत्र, फोटो, थोडी फी. एका संध्याकाळचं काम. शहनाझने त्याच रात्री त्याला सांगितलं, माझ्या नावाने काढ.

तो म्हणाला, बघू.

बघू म्हणजे काय, तर फहदला विचारून बघू. फहदने सांगितलं, बाईच्या नावाने शिकारीचा परवाना म्हणजे लोकांना हसायला निमित्त. चषक तुला मिळाला आणि परवाना तिचा? एका घराला एक परवाना पुरे. हे मला शहनाझनेच सांगितलं, भाजी निवडता निवडता, आवाज न चढवता. माझा चढला. मी म्हटलं, तू स्वतः जाऊन काढ, मी येते बरोबर. ती म्हणाली, काढता येईल गं. पण मी चोरून आणल्यासारखं होईल, आणि चोरून मला काही करायचं नाही. त्याने द्यायला पाहिजे. या वाक्यावर मला तिचा राग आला आणि त्याच्यापेक्षा जास्त मुनीरचा.

तिने कायदा मोडला नाही. पुढचे दोन-तीन शनिवार आम्ही गेलो तेव्हा ती चटईवर बसून राहिली. मुलं पाण्यात नुसतीच हुंदडली. रेहान एकदा ओरडला, “ममा, आय कॅन सी द आइज!” तिने मान वर केली, अर्धी उठली, आणि परत बसली. मुनीर रिकामी बादली धरून उभा होता. त्या माणसाला लाज वाटत होती, ते मला दिसत होतं. पण त्या लाजेचा कोणाला उपयोग? यम्नाने पुढच्या आठवड्यात सांगून टाकलं, की आता येण्यात पॉइंट नाही, मॉलला जाऊ. म्हणजे शहनाझचं ते आठवड्यातलं एक हसणंही हळूहळू बंद होणार, हे मला स्वच्छ दिसायला लागलं.

आणि अशात फहदने पाहुणे आणायचं ठरवलं.

खैरुद्दीनशेठ म्हणून त्याचे धंद्यातले भागीदार, मूळचे कर्नाटकातल्या भटकळचे. त्यांना म्हणे मुनीरची शिकार बघायची होती. फहदने मुनीरला फोनवर सूचना दिल्या: शनिवारी सकाळी नऊला खाडीवर हजर राहायचं, मसाला आणि भाकऱ्या शहनाझने करून आणायच्या, आणि पाहुण्यांसमोर बायकांनी पाण्याकडे फिरकायचं नाही. दिवसही त्याने पौर्णिमेला लागून निवडला होता. कुर्ल्या पोकळ मिळणार, हे त्याला सांगणार कोण? ज्या बाईला ठाऊक होतं तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिने पहाटे उठून मसाला वाटला, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, फडक्यात बांधल्या. मी तिला म्हटलं, तू माणूस आहेस की कोण आहेस? तिने फडक्याची गाठ घट्ट केली.

खाडीवर पांढरी गाडी आली. गाडीतून घडीच्या खुर्च्या निघाल्या, छत्री निघाली, थर्मास निघाला. खैरुद्दीनशेठ भला माणूस वाटला, हसतमुख. त्यांची बायको सुमैय्या मुलांना घेऊन, काळा चष्मा लावून छत्रीखाली बसली. आम्ही दोघी चटईवर, भाकऱ्यांजवळ, आणि कॅस्मिर पलीकडे शेंगदाणे खात. फहदने मोबाइल उभा धरला, चित्रीकरण सुरू केलं आणि म्हणाला, “यल्ला मुनीर, दाखव.”

मुनीर पाण्यात उतरला. पायजमा दुमडलेला, हातात आकडी, जी वाळूत काही कामाची नाही. इकडे बघ, तिकडे बघ. त्याची सावली बरोबर पुढे पडत होती. डोळे असलेली प्रत्येक कुर्ली केव्हाच पसार झाली असणार. पाहुण्यांनी चहा घेतला. फहद मधून मधून ओरडत होता, कमॉन, शेर! अर्धा तास गेला. पाहुण्यांची मुलं कंटाळून मोबाइल मागायला लागली. रेहान आणि यम्ना पाण्याच्या कडेला पाठ करून उभी होती. बापाची फजिती त्यांना बघवत नव्हती आणि खरं बोलायची हिंमत होत नव्हती. पोरांनाही हे असलं गप्प बसणं आम्हीच शिकवलं. शेवटी मुनीरचा पाय एका कुर्लीवर पडला. तिने अंगठा असा धरला की तो आकडी टाकून लंगडत काठावर आला. शेठ हसले. फहदही हसला, पण त्याचं ते हसणं ओठांच्या वर गेलं नाही.

मग तो आमच्या चटईजवळ आला. वाकला. आवाज खाली आणला.

“शहनाझ, त्या खडकांच्या मागे जा. तिथून कोणाला दिसत नाही. चार-पाच काढ आणि मुनीरच्या बादलीत टाक. तोवर मी यांना बोलण्यात गुंतवतो.”

म्हणजे याला ठाऊक होतं! स्टेजवर माइक धरला तेव्हा ठाऊक होतं. चषक दिला तेव्हा ठाऊक होतं. बाईच्या नावाने परवाना नको म्हणाला तेव्हाही ठाऊक होतं, किंबहुना म्हणूनच नको म्हणाला. इतके दिवस मी समजत होते की हा माणूस भावाच्या कौतुकात आंधळा झालाय. कसला आंधळा! तिचे हात त्याला चालत होते, फक्त खडकामागे. मी उठलेच होते, आणि जे बोलणार होते ते चर्चमध्ये कबूल करावं लागलं असतं. शहनाझने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं.

“फहदभाई,” ती म्हणाली, आणि आवाज खाली आणला नाही, “परवाना मुनीरच्या नावावर आहे. मी पाण्यात हात घातला तर गुन्हा होईल. एका घराला एक परवाना पुरे, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

छत्रीखालची बोलणी थांबली. फहदने पाहुण्यांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. दात आवळून म्हणाला, हा विषय आत्ता काढायचा का?

“आत्ताच,” शहनाझ म्हणाली. “एरवी तुम्ही माझ्याशी बोलता कधी?”

तिथे मुनीर उभा होता, अंगठ्यातून थोडं रक्त येत होतं, हातात रिकामी बादली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. खैरुद्दीनशेठना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी घडतंय एवढं कळत होतं. त्यांनी हिंदीत विचारलं, क्या हुआ मुनीरभाई?

मला वाटलं, हा आता परत ‘ओन्ली हेल्पिंग’ म्हणणार. मी कॅस्मिरकडे बघितलं. तोही खायचं थांबला होता.

मुनीरने बादली खाली ठेवली. “शेठ,” तो म्हणाला, “शिकार ये करती है. पहले दिन से यही करती है. मुझे नहीं आती. मैं सिर्फ बाल्टी पकडता हूँ.”

फहद म्हणाला, मजाक करतोय. मुनीर म्हणाला, मजाक नाही भाई. फहदने मोबाइल खिशात टाकला आणि गाडीकडे जाऊन उगाच डिकी उघडली.

सुमैय्याने चष्मा काढला. खुर्चीतून उठली, चप्पल हातात घेऊन वाळूतून आमच्या चटईपर्यंत आली आणि शहनाझसमोर बसली. तिने विचारलं, “आप कब से करती हैं?”

साधा प्रश्न. इतक्या वर्षांत, इतके डबे खाऊन, एकाही घरातून हा प्रश्न आला नव्हता. शहनाझने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, सात-आठ साल की थी. मग खालाचं सांगितलं, खाडीचं सांगितलं, आणि हात कुठून घालायचा ते हवेत करून दाखवलं. सुमैय्याने तसाच हात करून बघितला. फिझा येऊन मध्ये बसली आणि चुका दाखवायला लागली. सुमैय्या म्हणाली, मग एक काढून दाखवा ना. शहनाझ म्हणाली, आज नाही. परवाना नाही.

कुर्ल्यांशिवाय आम्ही भाकऱ्या खाल्ल्या, नुसत्या मसाल्याशी. शेठनी तीन खाल्ल्या. फहद ‘पोट ठीक नाही’ म्हणून गाडीतच बसला. त्याने बसावंच, आणि काच बंद करून बसावं, असं मला मनापासून वाटलं.

भरती चढायला लागली तेव्हा पाहुणे उठले. शहनाझ चटई झटकत होती. मुनीर लंगडत तिच्याजवळ आला, चटईचं दुसरं टोक धरलं आणि हळूच म्हणाला, “तुझ्या नावाने करू परवाना. इन्शाल्ला.”

“इन्शाल्ला तर आहेच,” शहनाझ म्हणाली. “दिवस सांग.”

मुनीरची नजर पांढऱ्या गाडीकडे गेली.

“तिकडे नको,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघून सांग.”

त्याने तिच्याकडे बघितलं. “सोमवारी,” तो म्हणाला.